कुलवृत्तान्तातील स्थलनामे : कंधारच्या निमित्ताने

कुलवृत्तान्त हा मराठीतील एक स्वतंत्र लेखनप्रकार आहे. परंतु त्याची चिकित्सा करताना अभ्यासकांचे लक्ष बहुधा व्यक्तिनामे, गोत्रे आणि पिढ्यांचा क्रम यांकडेच जाते. गावांची नावे निर्विवाद मानून पुढे जाण्याचा प्रघात आहे. संपादक जुन्या कागदातील नाव वाचतो, ते आजचे कोणते गाव हे मनाशी ठरवितो आणि आजचेच नाव छापतो. मूळ कागदात काय लिहिले होते हे वाचकास कधीच कळत नाही. या प्रकाराचा साचा प्रामुख्याने कोकणातील कुळांच्या वृत्तान्तांतून घडला. तेथे मूळ गावाचे नाव सहसा हलत नसल्यामुळे हा दोष खपून गेला. मराठवाड्यात तो खपण्यासारखा नाही.

कंधारचेच उदाहरण घेऊ. राष्ट्रकूटांच्या संदर्भातील अभिलेखांत ‘कंधारपुर’ हे रूप येते. फार्सी तवारिखांत हे स्थळ बड्या काफाने लिहिले जाते आणि त्याचा अक्षरक्रम अफगाणिस्तानातील कंदाहारच्या अक्षरक्रमाशी तंतोतंत जुळतो. जुन्या फार्सी लेखनात महाप्राण दर्शविणारा ‘हे’ आणि स्वतंत्र ‘ह’कार दर्शविणारा ‘हे’ यांत नियमित भेद केलेला नसतो. महाप्राणासाठी दोचश्मी ‘हे’ राखून ठेवण्याची उर्दूची शिस्त पुष्कळ नंतरची. त्यामुळे एकच अक्षरसमूह ‘कंधार’ असाही वाचता येतो आणि ‘कंदाहार’ असाही. इम्पीरियल गॅझेटियरच्या 1908 च्या आवृत्तीत नांदेड जिल्ह्यातील या तालुक्याचे नाव ‘कंदहार’ असे छापले गेले, ते याच वाचनाला धरून. शाहजहानच्या कारकिर्दीत तर दोन्ही किल्ले मोगलांकडे आले : दक्षिणेतील नासिरी खानाने 1631 मध्ये घेतला, अफगाणिस्तानातील अली मर्दान खानाने 1638 मध्ये स्वाधीन केला. केवळ ‘कंधारची मोहीम’ एवढ्या उल्लेखावरून कोणाच्या पूर्वजाला कोठे लढावयास पाठवावे, हे संदर्भ न पाहता ठरविणे धोक्याचे आहे.

‘कंधारी’ या उपनामाची गोष्ट याहून नाजूक. हाजी सय्याह सरवर मखदूम यांच्या दर्ग्यामुळे हे गाव ‘कंधार शरीफ’ म्हणूनही ओळखले जाते. तेव्हा मराठवाड्यातील एखाद्या घराण्याच्या नावापुढे ‘कंधारी’ आढळल्यास प्रथम याच गावाचा विचार करणे युक्त. प्रत्यक्षात ओढ असते ती उलट दिशेने. दूर देशाहून आलेला पूर्वज शेजारच्या तालुक्यातून आलेल्या पूर्वजापेक्षा प्रतिष्ठित वाटतो.

मोडी कागद वेगळ्या रीतीने फसवितात. मोडीत अनुस्वार बहुधा गाळलेला असतो, म्हणून ‘कधार’ असे रूप दिसते. प्रस्तुत लेखकाने अशा एका टिपणात ‘क’ नंतरचे दंड पुसट झाले असावेत असे समजून ते ‘क॥ धार’, म्हणजे कसबा धार, असे वाचले होते आणि एका कुटुंबाला काही दिवस माळव्यात नेऊन बसविले होते.

व्युत्पत्तीचा मोहही येथेच आवरावा. ‘स्कंधावार’ म्हणजे लष्करी तळ, त्यापासून कंधार, असे सांगितले जाते. परंतु प्राकृतात आद्य ‘स्क’चा ‘ख’ होतो. ‘स्कंध’पासून मराठीत ‘खांदा’ आला, ‘कांदा’ नव्हे. या नियमाने ‘खंधार’ अपेक्षित होते. असो. व्युत्पत्ती खरी असली तरी ती कागदावरील नोंदीची जागा घेऊ शकत नाही.

नाव तेच राहूनही त्याभोवतीचा जिल्हा आणि राज्य बदलते, याची दखल तर कुलवृत्तान्तकार मुळीच घेत नाहीत. कंधारला लागून असलेला अहमदपूर तालुका 1956 पर्यंत बिदर जिल्ह्यात होता. नंतर उस्मानाबादेत आला आणि 1982 पासून नव्या लातूर जिल्ह्यात आहे. उस्मानाबादचे धाराशिव 2023 मध्ये झाले. तेव्हा ‘आजोबांचा जन्म 1920, अहमदपूर, जि. लातूर’ ही नोंद सरळ दिसली तरी वाचकाला चुकीच्या दप्तराकडे पाठविते. जिल्हापातळीवरील जुने कागद त्याने बिदर आणि हैदराबाद येथे शोधावयास हवेत. मुधोळ आणि भैंसा ही गावे 1956 पूर्वी नांदेड जिल्ह्यातच होती. आजीचे माहेर ‘भैंसा, तेलंगणा’ असे लिहिले की दोन पिढ्यांत ‘आमची आजी परप्रांतातली’ अशी दंतकथा तयार होते. वस्तुतः ती एकाच जिल्ह्यातील सोयरीक होती.

हा केवळ विद्वानांचा काथ्याकूट नव्हे. मराठवाड्यातील कुणबी नोंदींच्या शोधासाठी सप्टेंबर 2023 मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, तेव्हापासून निजामकालीन उर्दू आणि मोडी कागद हजारो घरांच्या दृष्टीने दाखल्याचा आधार झाले आहेत. वंशावळीतील गाव आणि कागदातील गाव एकच, हे तेथे दाखवून द्यावे लागते. संपादकाने मूळ रूप पुसले असेल, तर दोन नावांमधला दुवाही त्यानेच पुसलेला असतो. अंबाजोगाईच्या घराण्याने ‘मोमिनाबाद’ हे निजामकालीन नाव रुचत नाही म्हणून गाळले, तरी कागदातून ते जात नाही.

म्हणून नोंदीत प्रथम मूळ रूप जसेच्या तसे, लिपीच्या उल्लेखासह द्यावे. त्यापुढे त्या तारखेचा तालुका, जिल्हा व राज्य. आणि आजचे नाव शेवटी, संपादकाचे मत म्हणून, कारणासह. निश्चिती नसेल तेथे प्रश्नचिन्ह ठेवण्यास संकोच नसावा. तारखेबाबतही हेच. निजामी कागदांतील फसली सन तसाच ठेवून शेजारी इसवी सन लिहावा. फसली 1358 म्हणजे 1948–49. हैदराबाद संस्थान सप्टेंबर 1948 मध्ये भारतात आले, त्यामुळे या एका आकड्यावरून कागद निजामी राजवटीतला की नंतरचा हे कळते, आणि मथळ्यावर कोणत्या राज्याचे नाव लिहावयाचे तेही त्यावरच ठरते.