‘हिमकडा’ या शब्दाची चिकित्सा

सातारा-सांगली परिसराला सैनिकी परंपरा असल्यामुळे हिमालयातील दुर्घटनांची वृत्ते येथे विशेष आस्थेने वाचली जातात. अशा वृत्तलेखनात ‘हिमकडा कोसळून’ हा शब्दप्रयोग बराच रूढ आहे. प्रस्तुत लेखात त्याच्या अर्थाची चिकित्सा केली आहे.

३ फेब्रुवारी २०१६ रोजी सियाचीनमधील सोनम ठाण्यावर, सुमारे १९,६०० फूट उंचीवर, दहा जवान गाडले गेले. माण तालुक्यातील मस्करवाडीचे सुनील सूर्यवंशी त्यांपैकी एक. तेथे बर्फाची प्रचंड भिंतच तुटून आली होती. त्या घटनेला ‘कडा’ हा शब्द लागू पडतो. जानेवारी २०१७ मधील काश्मीरच्या माछिल भागातील घटना निराळी होती. तेथे हिमाने झाकलेली वाट खचून पाच जवान अडकले. त्यांना जिवंत बाहेर काढण्यात आले, तथापि ३० जानेवारीस पाचही जण मरण पावले. त्यांत सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांतील जवान होते. अशा घटनेस ‘हिमकडा’ म्हणणे सदोष होय.

सह्याद्रीतील वाचकाच्या मनात कडा म्हणजे उभा कातळ. हिमस्खलने मात्र बहुतांशी ३० ते ४५ अंशांच्या उतारांवर होतात. कडाक्याच्या थंडीत हिमाचा तळचा थर जाड्या साखरेसारखा सुटा होतो. त्यावर वाऱ्याने आणलेल्या हिमाची घट्ट लादी बसते. मग एका माणसाच्या वजनानेही ती निसटू शकते. म्हणजे संकट नेहमी वरूनच येते असे नाही. पुष्कळदा ते पायाखालीच सुटते. ‘कडा’ या शब्दात नेमकी हीच शक्यता लोपते आणि ‘निसर्गाचा कोप’ हे ठरीव वाक्य लिहिणे सोपे जाते.

दरडींबाबत आपले लेखन असे राहिलेले नाही. २०१४ मधील माळीण आणि २०२१ मधील पाटण तालुक्यातील आंबेघर, मिरगाव येथील दुर्घटनांनंतर पाऊस, उतार, मातीचा थर व पुनर्वसन यांची चर्चा झाली. हिमाचे थर तर खड्डा खणून तपासता येतात. त्यासाठी मनालीत १९६९ पासून संशोधनसंस्था होती, जी २०२० मध्ये संरक्षण संशोधन विभागाच्या नव्या संस्थेत विलीन झाली. तरीही त्या दिवशी धोक्याचा इशारा कोणत्या पातळीचा होता, हा प्रश्न श्रद्धांजलीपर लेखांत क्वचितच आढळतो.

‘हिमस्खलन’ हा शब्द सामान्य वाचकास जड जातो, असा आक्षेप घेतला जाईल. ‘भूस्खलन’ मात्र पाठ्यपुस्तकांतून रुळलाच.