पोथीची दुसरी बाजू

पिंगुळीच्या चित्रकथीबद्दल हल्ली बोललं जातं ते बहुतेक चित्रांबद्दल. मोठे डोळे, एका बाजूनं दिसणारे चेहरे, समोरासमोर उभी ठाकलेली पात्रं. हे सगळं देखणं आहेच. पण कुडाळजवळच्या या गावातल्या ठाकर मंडळींनी जे जपलं ते नुसतं चित्र नव्हे. ती पोथी आहे.

पोथी म्हणजे एका आख्यानाची तीस-पन्नास चित्रं. दोन कागद पाठीला पाठ लावून चिकटवलेले, त्यामुळे पानाच्या दोन्ही अंगांना प्रसंग. सांगणारा मांडी घालून बसतो, पान समोर उभं धरतो. वीणा, टाळ आणि हुडुक यांच्या साथीनं रामायण-महाभारतातला प्रसंग गात, मध्येच बोलत पुढं नेतो. पान उलटलं की कथा एक पाऊल सरकते. पान किती वेळ धरायचं, कुठं घाई करायची, हे समोरच्या माणसांचे चेहरे पाहून ठरतं. पात्रं स्तब्ध उभी असतात, त्यांना हलवायचं काम आवाज करतो. बाराव्या शतकातल्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात चित्रकथकाचा उल्लेख येतो, तोही चित्रं दाखवत सांगणारा म्हणूनच.

सावंतवाडी संस्थानच्या आश्रयानं आणि देवळांतल्या उत्सवांनी ही कला पोसली. आश्रय गेला, मग करमणुकीची नवी साधनं आली. जीर्ण पोथ्या रीतीप्रमाणं पाण्यात सोडल्या गेल्या, काही संग्राहकांकडं गेल्या. या शैलीची चित्रं पुढं बराच काळ ‘पैठणी चित्रं’ म्हणून ओळखली गेली. ज्यांच्या हातची कला, त्यांच्या गावाचं नावही चित्राबरोबर राहिलं नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

म्हणूनच पिंगुळीचे चित्रकथी कलाकार परशुराम गंगावणे यांनी २००६ साली आपल्या गुरांच्या गोठ्यात उभं केलेलं ‘ठाकर आदिवासी कला आंगण’ मला मोलाचं वाटतं. जुनी चित्रं, कळसूत्री बाहुल्या, चामड्याच्या छायाबाहुल्या आणि वाद्यं तिथं एका छपराखाली आली, तीही ज्यांची आहेत त्यांच्याच दारात. २०२१ साली गंगावण्यांना पद्मश्री मिळाली. घरची पुढची पिढी या कामात उतरली आहे. पिंगुळीतली इतर ठाकर घराणीही ही कला धरून आहेत. सरकारी योजनेची वाट न पाहता एका कुटुंबानं हे केलं, हे विसरता कामा नये.

तरी आजची अवस्था पाहताना एक काळजी सुटत नाही. बाजाराला सुटं चित्र हवं असतं. ते फ्रेमेत जातं आणि पाठ भिंतीला लागते. भिंतीसाठी काढलेल्या चित्राला मागची बाजू लागतच नाही, मग पुढचा प्रसंग कुठला? रंगरेषा कार्यशाळेत दोन दिवसांत गिरवता येतात. आख्यान पाठ व्हायला, हुडुकाच्या ठेक्यावर आवाज बसायला वर्षं जातात, आणि त्या वर्षांचे पैसे कुणी देत नाही. चित्र टिकलं आणि सांगणं गेलं, तर टिकलेलं काय म्हणायचं?

आंगणाच्या कामाला जोर द्यायचा तर मागणी बदलायला हवी. संग्रहालयांनी, कलासंस्थांनी आणि हौशी ग्राहकांनीही एक चित्र न मागता एक अख्खी पोथी करवून घ्यावी, दोन्ही अंगांनी रंगवलेली. ती घरी न्यायच्या आधी पिंगुळीत बसून पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत ऐकावी, आणि त्या सांगण्याची बिदागी चित्रांच्या किमतीत न धरता वेगळी द्यावी.