महाविद्यालयीन नेतृत्वाची प्रतीकात्मक बाजू : एक चिकित्सा

प्रास्ताविक :
संघटनेकडे पाहण्याच्या रचनात्मक, मानवी संसाधनविषयक, राजकीय व प्रतीकात्मक अशा चार चौकटी ली बोलमन व टेरेन्स डील यांनी १९८४ मध्ये मांडल्या. चौथ्या चौकटीनुसार समारंभ, कथा, बोधचिन्हे यांतून संस्थेच्या कार्यास अर्थ प्राप्त होतो व तो अर्थ जपणे हे नेतृत्वाचे कार्य ठरते. उच्च शिक्षणाची फलिते मोजणे कठीण असल्याने येथे ही चौकट विशेष उपयुक्त वाटते. तथापि तिच्या वापरात एक धोका संभवतो. प्रतीक हे नेत्याच्या हातातील साधन आहे, असे गृहीत धरले जाते.

विवेचन :
रयत शिक्षण संस्थेचा इतिहास या गृहीतकास छेद देतो. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये काले येथे संस्थेची स्थापना केली आणि १९२४ मध्ये सातारा येथे वसतिगृह सुरू केले. तेथे विविध जातिधर्मांची मुले एकत्र राहत, एकत्र जेवत आणि श्रमाची कामेही स्वतः करीत. या मुलांसाठी लक्ष्मीबाईंनी आपले दागिने, अखेरीस मंगळसूत्रही मोडले. १९४७ मध्ये सुरू झालेल्या छत्रपती शिवाजी महाविद्यालयात ‘कमवा आणि शिका’ या तत्त्वाला शिक्षणक्रमात स्थान मिळाले. वटवृक्षाचे बोधचिन्ह व स्वावलंबनाचे ब्रीद यांचे सामर्थ्य या आचरणातून आलेले आहे. प्रथम आचरण घडले, अर्थ त्यामागून आला.

असे प्रतीक संस्थापकाच्या पश्चात कसे टिकते, याचे उत्तर बर्टन क्लार्क यांच्या १९७० मधील अभ्यासात मिळते. अँटिओक, रीड व स्वार्थमोर या अमेरिकन महाविद्यालयांची गाथा नेत्याच्या प्रेरणेने आकारास आली. परंतु ती पुढे नेली ज्येष्ठ अध्यापक, अभ्यासक्रम, विद्यार्थी व माजी विद्यार्थी यांनी.

हा निकष महाराष्ट्रातील महाविद्यालयांना लावल्यास चित्र चिंताजनक दिसते. अनेक ठिकाणी अध्यापनाचा मोठा भार तासिका तत्त्वावरील अध्यापकांवर आहे. पुढील वर्षी आपण येथे असू की नाही, हेच ज्याला ठाऊक नाही, त्याने संस्थेची परंपरा कशी वाहावी? अशा ठिकाणी ध्येयवाक्याचा फलक, संस्थापक-दिन व स्मरणिका एवढेच नेतृत्वाचे प्रतीकात्मक कार्य उरते.

निष्कर्ष :
प्रतीकात्मक नेतृत्व हे प्रशासकीय नेतृत्वाहून वेगळे काढता येत नाही. प्राचार्य व संस्थाचालक नेमणुका, वेतन आणि वसतिगृह यांविषयी जे निर्णय घेतात, त्यांतूनच ब्रीदाचा अर्थ अध्यापक व विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचतो.