नागपूर करार (1953) : वाटाघाटीतील लाभ आणि हिशेबाचा प्रश्न

प्रस्तावना

नेत्यांनी वाटाघाटी करून मिळविलेल्या कराराचे श्रेय करारावर सह्या होताच घेतले जाते. तो करार जनतेला लाभला की नाही, हा प्रश्न मात्र अनेक वर्षे अनुत्तरित राहतो. विदर्भाच्या संदर्भात नागपूर करार हे याचे ठळक उदाहरण होय. या करारासंबंधी दोन टोकाची मते प्रचलित आहेत. एका मतानुसार करारामुळे विदर्भ सन्मानाने मराठी भाषिक राज्यात आला. दुसऱ्या मतानुसार करार म्हणजे विदर्भाची निव्वळ फसवणूक होय. प्रस्तुत लेखात या दोन्ही मतांची चिकित्सा करण्याचा प्रयत्न केला आहे.

कराराची पार्श्वभूमी व स्वरूप

28 सप्टेंबर 1953 रोजी झालेल्या या करारावर पश्चिम महाराष्ट्रातर्फे भाऊसाहेब हिरे, यशवंतराव चव्हाण आदींनी, तर विदर्भातर्फे रा. कृ. पाटील, रामराव देशमुख, गोपाळराव खेडकर, शेषराव वानखेडे आदींनी सह्या केल्या. मराठवाड्याचे प्रतिनिधीही त्यात होते. नागपूर त्या वेळी मध्य प्रदेशची राजधानी होते. राजधानीचा दर्जा सोडून मोठ्या राज्यात सामील होण्याच्या मोबदल्यात विदर्भाला काय मिळणार, हा वाटाघाटीचा गाभा होता.

करारातील आश्वासनांचे दोन गट पडतात. पहिल्या गटात नागपूर येथे उच्च न्यायालयाचे पीठ, विधिमंडळाचे दरवर्षी किमान एक अधिवेशन आणि ठराविक काळासाठी शासनाचे नागपुरात स्थलांतर यांचा समावेश होतो. दुसऱ्या गटात लोकसंख्येच्या प्रमाणात खर्च, मंत्रिमंडळातील प्रतिनिधित्व, शासकीय नोकऱ्या आणि तांत्रिक व व्यावसायिक शिक्षणातील प्रवेश ही आश्वासने येतात. निधीवाटपाचा अहवाल दरवर्षी विधानसभेपुढे ठेवावा, असेही कलम होते.

आश्वासनांची फलश्रुती

पहिल्या गटातील आश्वासने बव्हंशी पाळली गेली. 1936 साली स्थापन झालेल्या नागपूर उच्च न्यायालयाच्या जागी मुंबई उच्च न्यायालयाचे खंडपीठ आले. हिवाळी अधिवेशनाची परंपरा रुजली. यामागील कारण उघड आहे. अधिवेशन भरले की नाही, हे कोणालाही डोळ्यांनी दिसते. ते न भरविणे कोणत्याही सरकारला राजकीयदृष्ट्या महागात पडले असते. निधी व नोकऱ्यांचे प्रमाण मात्र मोजावे लागते, आणि ते कोणी व कोणत्या निकषावर मोजावे, याविषयी करार मौन बाळगतो. वार्षिक अहवालाचे कलम असले तरी तो न ठेवल्यास दाद कोठे मागावी, याची तरतूद नव्हती. करार हा राजकीय समझोता होता. त्याला कायद्याचे बळ नव्हते.

याशिवाय आणखी एक बाब लक्षणीय आहे. राज्य पुनर्रचना आयोगाने 1955 साली स्वतंत्र विदर्भाची शिफारस केली होती, ती स्वीकारली गेली नाही. त्यानंतर करारातील आश्वासन देणारे व घेणारे बहुतांशी एकाच सत्ताधारी पक्षात राहिले. परिणामी करारभंगाची तक्रार करणारा स्वतंत्र पक्षकारच उरला नाही.

प्रतिनिधित्व आणि अनुशेष

विदर्भाला सत्तेत वाटा मिळाला नाही, असे म्हणणे वस्तुस्थितीला धरून होणार नाही. मारोतराव कन्नमवार 1962 मध्ये मुख्यमंत्री झाले. त्यांच्यानंतर वसंतराव नाईक यांनी 1963 ते 1975 असे प्रदीर्घ काळ हे पद भूषविले. दोघेही विदर्भाचे. तरीही 1983 साली नेमलेल्या प्रा. वि. म. दांडेकर समितीने 1984 च्या अहवालात राज्याचा एकूण 3,186.78 कोटी रुपयांचा अनुशेष दाखविला आणि त्यातील 39.12 टक्के वाटा विदर्भाचा होता. प्रतिनिधित्व मिळाले म्हणजे निधीही मिळतो, हे करारातील गृहीतक येथे कोलमडते.

तथापि, याच अहवालात उर्वरित महाराष्ट्राचा वाटा 37.32 टक्के होता, ही बाब फसवणुकीचा सिद्धान्त मांडणारे सहसा सांगत नाहीत. समितीने प्रदेशाऐवजी जिल्हा हा घटक धरल्याने कोकणातील व अवर्षणप्रवण भागातील मागासलेपणही उजेडात आले. पुढे निर्देशांक व अनुशेष समितीने 1 एप्रिल 1994 रोजीचा अनुशेष 14,006.77 कोटी रुपये ठरविला. त्यात विदर्भाचे 6,624.02 कोटी, म्हणजे सुमारे 47 टक्के होते. दोन्ही समित्यांच्या काळातील किंमतपातळी वेगळी असल्याने रकमांची थेट तुलना करता येत नाही. परंतु विदर्भाचा वाटा घटण्याऐवजी वाढलेला दिसतो, हे दुर्लक्षिता येणार नाही.

हिशेबाची यंत्रणा

1956 च्या सातव्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद 371(2) मध्ये विकास मंडळांची आणि त्यांच्या कार्याचा वार्षिक अहवाल विधानसभेपुढे ठेवण्याची तरतूद केली. करारातील अहवालाच्या कलमाशी असलेले तिचे साम्य स्पष्ट आहे. मात्र ही मंडळे प्रत्यक्षात 1994 साली स्थापन झाली. म्हणजे हिशेब ठेवणारी घटनात्मक यंत्रणा येण्यास अडतीस वर्षे लागली. तिची मुदतही 30 एप्रिल 2020 रोजी संपुष्टात आली.

निष्कर्ष

नागपूर कराराने विदर्भाला काहीच दिले नाही, हे म्हणणे अतिशयोक्त ठरते. तो यशस्वी झाला, हे म्हणणेही आकडेवारीवर टिकत नाही. करारकर्त्यांनी 'काय मिळेल' यावर घासाघीस केली. 'मिळाले की नाही हे कोण ठरवील' हा प्रश्न मोकळा सोडला. हीच कराराची मूलभूत उणीव होय. वडनेरसारख्या कापूसपट्ट्यातील गावाच्या दृष्टीने नागपुरातील अधिवेशन हा अभिमानाचा विषय असू शकतो, परंतु शेताला पाणी आणि पदवीधराला नोकरी मिळाली का, हीच त्याची खरी कसोटी आहे. यापुढे विदर्भाच्या नावाने जो समझोता होईल, मग तो राज्यांतर्गत असो वा स्वतंत्र राज्याचा, त्याचे मूल्यमापन करताना हिशेबाचे कलम प्रथम वाचावे, असे प्रस्तुत लेखकास वाटते.