रांग, नियोजन आणि न्याय : डिस्ने वर्ल्डमधील नव्या नियोजन-तंत्रज्ञानावरील पर्यटकांच्या प्रतिक्रियांची चिकित्सा

प्रस्तावना :

करमणुकीच्या व्यवसायात तंत्रज्ञान आले की ग्राहकाची सोय वाढते, असे सर्वसाधारणपणे गृहीत धरले जाते. अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात ओरलँडोजवळ असलेल्या वॉल्ट डिस्ने वर्ल्ड या थीम पार्क-समूहाचा २०१३ नंतरचा अनुभव मात्र या गृहीतकाला छेद देणारा आहे. मनगटी पट्टा, मोबाईलवरील ॲप आणि खेळांची वेळ आगाऊ राखून ठेवण्याची व्यवस्था अशी साधने पर्यटकांच्या हाती एकामागून एक आली, आणि बहुतेक प्रत्येक टप्प्यावर नाराजीही व्यक्त झाली. या नाराजीची दोन स्पष्टीकरणे नेहमी दिली जातात. लोकांना बदल नको असतो, हे एक. आणि लोकांना सारे फुकट हवे असते, हे दुसरे. ही दोन्ही अपुरी आहेत. कारण २०१४ साली जी व्यवस्था सहलीतील उत्स्फूर्तता मारणारी म्हणून टीकेचा विषय झाली होती, तीच २०२१ मध्ये कायमची बंद झाल्याचे कळताच तिच्यासाठी हळहळ व्यक्त झाली. प्रस्तुत लेखात या विसंगतीचा अर्थ लावण्याचा प्रयत्न केला आहे.

कागदी चिठ्ठी ते मनगटी पट्टा :

१९५५ साली कॅलिफोर्नियात डिस्नेलँड सुरू झाले, त्या काळात आतील खेळांसाठी स्वतंत्र तिकिटे लागत. त्यांची पुस्तके मिळत. पुढे त्यांत 'ए' पासून 'ई' पर्यंत प्रतवारी झाली व 'ई' हे तिकीट सर्वांत आकर्षक खेळांसाठी राखलेले असे. १९८२ साली ही पद्धत बंद होऊन प्रवेशद्वाराशीच एकरकमी शुल्क घेतले जाऊ लागले. 'पूर्वी आत गेल्यावर सारे समान होते' असे म्हणणाऱ्यांच्या स्मरणातील काळ म्हणजे १९८२ नंतरची जेमतेम दोन दशके होत, हे येथे नमूद करावयास हवे. तथापि एक भेद दुर्लक्षून चालणार नाही. तिकीटपुस्तकाच्या काळात खेळ विकला जात होता. रांगेतील क्रम विकला जात नव्हता.

१९९९ मध्ये 'फास्टपास' आला. खेळाच्या दाराशी असलेल्या यंत्रात आपली प्रवेशिका घालावयाची, परत येण्याची ठरावीक वेळ छापलेली चिठ्ठी घ्यावयाची आणि त्या वेळी आल्यास लहान रांगेतून आत जावयाचे, अशी ही साधी योजना होती. तिला वेगळे शुल्क नव्हते. जानेवारी २०१३ मध्ये कंपनीने 'मायमॅजिक प्लस' या प्रकल्पाची घोषणा केली. त्यावर सुमारे एक अब्ज डॉलर खर्च झाल्याचे वृत्तपत्रांनी नोंदविले आहे. 'मॅजिकबँड' या पट्ट्यातील रेडिओ-लहरींवर चालणारी खूणचिप हॉटेलच्या खोलीचे कुलूप उघडी, उद्यानात प्रवेश देई आणि खरेदीचे बिलही भागवी. कागदी चिठ्ठीच्या जागी 'फास्टपास प्लस' आला. कंपनीच्या हॉटेलांत उतरणाऱ्यांना साठ दिवस आधी आणि इतरांना तीस दिवस आधी, दिवसाला तीन खेळांच्या वेळा घरबसल्या राखता येऊ लागल्या.

मुलांविषयीच्या माहितीच्या संकलनाबद्दल अमेरिकी काँग्रेसचे तत्कालीन सदस्य एडवर्ड मार्की यांनी जानेवारी २०१३ मध्येच कंपनीला पत्र लिहून विचारणा केली, आणि कंपनीचे प्रमुख रॉबर्ट आयगर यांनी तीव्र शब्दांत आक्षेप फेटाळला. पर्यटकांचा रोख मात्र मुख्यतः तिकडे वळला नाही. पट्टा त्यांनी स्वीकारला, किंबहुना हौसेने सजविला. जो पट्टा हालचालींची नोंद ठेवतो तो लाडका झाला आणि जे वेळापत्रक केवळ वेळ ठरवते ते जाचक ठरले, हे वरवर आश्चर्यकारक वाटते. परंतु पट्टा त्यांच्याकडून काही काम करवून घेत नव्हता. वेळापत्रक घेत होते.

रांगेचे गणित :

प्रतीक्षेच्या मानसशास्त्रावर डेव्हिड मेस्टर यांनी १९८५ साली लिहिलेला निबंध या क्षेत्रात मूलभूत मानला जातो. रिकामा वेळ भरलेल्या वेळेपेक्षा मोठा वाटतो, अनिश्चित प्रतीक्षा निश्चित प्रतीक्षेपेक्षा लांब वाटते आणि अन्याय्य प्रतीक्षा न्याय्य प्रतीक्षेपेक्षा लांब वाटते, ही त्यांची निरीक्षणे आहेत. रिचर्ड लार्सन यांनी १९८७ मध्ये याच सूत्राला 'रांगेतील सामाजिक न्याय' असे रूप दिले. नियोजन-तंत्रज्ञानाचे समर्थक मेस्टर यांच्या पहिल्या दोन निरीक्षणांचा आधार घेतात आणि तिसरे सोयीस्करपणे बाजूस ठेवतात.

वास्तविक ॲपमुळे कोणत्याही खेळात एकही आसन वाढत नाही. समजा, एका खेळात तासाला हजार जण बसू शकतात. त्यांपैकी सातशे जागा आगाऊ वेळ घेतलेल्यांना दिल्या, तर साध्या रांगेसाठी तीनशेच उरतात. म्हणजे पूर्वी एका तासात सरकणारी रांग आता सरकण्यास तीन तासांहून अधिक लागतील. आगाऊ वेळ घेणारा आपली प्रतीक्षा वाचवतो, पण तिचा भार शेजारच्या रांगेवर टाकतो. दोन्ही रांगा जेथे एकत्र येतात त्या ठिकाणी हे सर्वांना डोळ्यांनी दिसते. तेथे उभ्या असलेल्या बापाला आपल्या मुलास 'ते आपल्या आधी का जातात?' या प्रश्नाचे उत्तर द्यावे लागते. पर्यटकांच्या तक्रारींत कटुता येते ती या जागी, घड्याळातील मिनिटांमुळे नव्हे.

पर्यटकाचे श्रम :

ॲलन ब्रायमन यांनी 'द डिस्नेआयझेशन ऑफ सोसायटी' (२००४) या ग्रंथात डिस्नीकरणाचे जे चार घटक सांगितले, त्यांत 'सादरीकरणात्मक श्रम' हा एक आहे. हसतमुख राहण्याचे हे श्रम कर्मचाऱ्याचे असतात. २०१३ नंतरच्या व्यवस्थेत पर्यटकही श्रम करतो, यासाठी ब्रायमन यांच्या चौकटीत पुरेशी जागा नाही. येथे जॉर्ज रिट्झर अधिक उपयोगी पडतात. ग्राहकाकडूनच विनावेतन काम करवून घेणे हे मॅकडोनाल्डीकरणाचे लक्षण त्यांनी १९९३ मध्येच दाखवून दिले होते. अर्थात रिट्झर यांचा ग्राहक आपले ताट उचलून ठेवतो, एवढेच. डिस्ने वर्ल्डच्या पर्यटकाला दोन महिने आधी कोणत्या दिवशी कोणत्या उद्यानात, किती वाजता, कोणत्या खेळाशी असावयाचे हे ठरवावे लागे. २०१४ ची नाराजी या कामाविरुद्ध होती.

पण काम शिकता येते, आणि शिकलेल्याला ते आपले कौशल्य वाटू लागते. पुढील काही वर्षांत असंख्य कुटुंबांनी ही व्यवस्था आत्मसात केली. मार्च २०२० मध्ये साथीमुळे उद्याने बंद झाली तेव्हा 'फास्टपास प्लस' थांबला. ऑगस्ट २०२१ मध्ये तो परत येणार नाही हे जाहीर झाले. त्याच्या जागी 'डिस्ने जीनी' हा निःशुल्क नियोजक आणि 'जीनी प्लस' ही सशुल्क सेवा येणार होती. ऑक्टोबर २०२१ मध्ये ती फ्लोरिडात सुरू झाली, तेव्हा दर माणशी दिवसाला १५ डॉलर होता. पहिला खेळ निवडण्यासाठी सकाळी सात वाजता मोबाईल घेऊन बसावे लागे, आणि काही सर्वाधिक मागणीचे खेळ या सेवेत नसून त्यांचे पैसे वेगळे द्यावे लागत. घोषणेच्या चित्रफितीवर नापसंतीच्या नोंदी पसंतीच्या कित्येक पट झाल्या. ऑक्टोबर २०२२ पासून तर दर तारखेनुसार बदलू लागला.

म्हणजे काम राहिले आणि वर शुल्क आले. २०१४ ची तक्रार व २०२१ ची हळहळ यांतील विसंगती येथे उलगडते. पहिल्या वेळी लोकांनी श्रमाला विरोध केला. दुसऱ्या वेळी त्या श्रमाचे मोल नाहीसे झाले याचे दुःख केले. मायकेल सँडेल यांनी 'व्हॉट मनी कान्ट बाय' (२०१२) मध्ये रांगेची नीती आणि बाजाराची नीती अशी विभागणी केली असून करमणूक-उद्यानांचा उल्लेखही केला आहे. परंतु डिस्ने वर्ल्डच्या इतिहासात या दोहोंच्या मध्ये तिसरी पायरी दिसते : नियोजनाची नीती. ती रांगेसारखी आहे, कारण तीत लाभ मेहनतीने मिळतो. ती बाजारासारखीही आहे, कारण तीत ज्याला फुरसत, वेगवान इंटरनेट आणि महागड्या हॉटेलचे आरक्षण आहे तो पुढे जातो. 'फास्टपास प्लस' सर्वांना निःशुल्क होता, पण सर्वांना सारखा कधीच नव्हता. त्याची आठवण काढणारे बहुधा त्यात तरबेज झालेले होते. जे हरले ते तेव्हाही साध्या रांगेत उभे होते.

ज्यांना उभे राहता येत नाही :

या चर्चेतील सर्वांत गंभीर भाग अपंग पर्यटकांचा आहे. त्यांना दिल्या जाणाऱ्या सवलत-पत्राचा गैरफायदा घेतला जात असल्याच्या, श्रीमंत कुटुंबे अपंग व्यक्तींना पैसे देऊन सोबत नेत असल्याच्या बातम्या मे २०१३ मध्ये प्रसिद्ध झाल्या. ऑक्टोबर २०१३ मध्ये कंपनीने ते पत्र रद्द करून नवी योजना आणली. तीत अपंग व्यक्तीला त्या वेळच्या प्रतीक्षेइतकी पुढची वेळ मिळे. मधला वेळ ती रांगेबाहेर काढू शके. रांगेच्या नीतीला धरून असलेली ही तडजोड होती. परंतु २०२१ नंतर इतर सर्व निःशुल्क मार्ग बंद झाल्यामुळे रांग टाळण्याचा हा जवळजवळ एकमेव फुकट मार्ग उरला, आणि त्यावर गर्दी वाढली यात नवल ते काय? मे २०२४ मध्ये फ्लोरिडात आणि जूनमध्ये कॅलिफोर्नियात ही योजना मुख्यतः स्वमग्नता किंवा तत्सम विकासात्मक अपंगत्वामुळे रांगेत फार वेळ थांबू न शकणाऱ्यांपुरती मर्यादित झाली. इतर आजार वा शारीरिक अडचण असलेल्यांना रांगेतून तात्पुरते बाहेर पडून पुन्हा आत येण्यासारखे पर्याय सुचविले गेले. एकट्याने लहान मूल घेऊन आलेल्या आजारी आईने मुलाला रांगेत ठेवून बाहेर कसे जावे, अशा प्रकारचे आक्षेप त्यावर घेतले गेले. हे आक्षेप सोयीविषयीचे नाहीत. कोणाचे शरीर 'सर्वसाधारण' मानून व्यवस्था आखली जाते, याविषयीचे आहेत.

जुलै २०२४ मध्ये 'जीनी प्लस' हे नाव जाऊन 'लाइटनिंग लेन मल्टी पास' आले आणि आगाऊ निवड पुन्हा सुरू झाली : कंपनीच्या हॉटेलांत उतरणाऱ्यांना सात दिवस आधी, इतरांना तीन दिवस आधी. लोकांची हळहळ कंपनीने ऐकली, पण शुल्कासह. त्यानंतर ऑक्टोबर २०२४ मध्ये 'लाइटनिंग लेन प्रीमियर पास' जाहीर झाला. हा पास घेणाऱ्याला वेळ ठरवावी लागत नाही, सकाळी सातला उठावे लागत नाही. समाविष्ट असलेल्या प्रत्येक खेळाच्या लहान रांगेतून तो केव्हाही एकदा जाऊ शकतो. नियोजनातून सुटका हीच तर २०१४ मधील तक्रारकर्त्यांची मागणी होती. फ्लोरिडातील चार उद्यानांसाठी या सुटकेचा दर उद्यान व तारीख यांनुसार दर माणशी दिवसाला १२९ ते ४४९ डॉलर असा जाहीर करण्यात आला. प्रवेशिकेचे पैसे वेगळे.