पैसे भरणारा प्रेक्षक : ॲनिमे आणि जपानच्या सशुल्क वाहिन्या

आधी एक विचारतो. रविवारी सकाळी दूरदर्शनवर ‘जंगल बुक’ लागायचं, ते इथे किती जणांनी पाहिलंय? बरेच हात वर आहेत. ते ॲनिमे होतं, निप्पॉन ॲनिमेशनचं, 1989 सालचं. गुलजारांच्या गाण्यामुळे आपण ते आपलंच मानलं. त्यासाठी कुणी वेगळे पैसे भरले नव्हते, घरी टीव्ही नसला तरी शेजाऱ्यांकडे जाऊन बसायचं. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आज बोलायचंय ते दुसऱ्या टोकाबद्दल. दर महिन्याला पैसे भरल्याशिवाय चित्र दिसतच नाही अशा वाहिन्या. जपानमधल्या दोन वाहिन्या घेऊ : 1991 पासून पैसे घेऊन चालणारी, मुख्यतः चित्रपट आणि खेळ दाखवणारी वाउवाउ, आणि 1997 च्या अखेरीस आलेली, तोक्यो टीव्हीच्या गटातली, फक्त ॲनिमेला वाहिलेली एटी-एक्स. या दुसऱ्या वाहिनीच्या नावातला ‘टी’ म्हणजे थिएटर. घरातलं थिएटर असा तो दावा आहे.

आता ॲनिमेचा पैसा मुळात कुठून यायचा? 1963 साली तेझुकांचा ‘ॲटम’ टीव्हीवर आला तेव्हा प्रायोजक होती मेईजी ही चॉकलेट कंपनी, आणि ॲटमचे स्टिकर चॉकलेटबरोबर मिळायचे. पुढे चॉकलेटच्या जागी खेळणी आली. 1979 साली योशियुकी तोमिनोंची ‘गुंडाम’ ही मालिका सुरू झाली, तिचे 52 भाग ठरले होते. प्रेक्षक कमी, खेळणी खपेनात, म्हणून 43 भागांत आटोपती घ्यावी लागली. म्हणजे गोष्ट कुठे संपणार हे खेळण्याच्या दुकानातल्या गल्ल्यावर ठरलं.

हे पाहिलं की सशुल्क वाहिनी म्हणजे सुटकाच वाटते. प्रायोजक गेला, प्रेक्षक थेट पैसे देतोय, मग दिग्दर्शक मोकळा. ‘काउबॉय बीबॉप’चं उदाहरण घ्या. 1998 साली तोक्यो टीव्हीने ती संध्याकाळच्या वेळेत लावली. मुलांच्या हिंसेवरून जपानमध्ये तेव्हा वातावरण तापलेलं होतं. 26 पैकी फक्त 12 भाग दाखवले गेले, त्यांत पहिला भागच नव्हता! सगळे 26 भाग दिसले ते त्याच वर्षी ऑक्टोबरपासून, वाउवाउवर.

आणि सातोशी कोन. ‘पर्फेक्ट ब्लू’, ‘तोक्यो गॉडफादर्स’ हे त्यांचे चित्रपट तुमच्यापैकी काहींनी पाहिले असतील. चित्रपटांतून उरलेल्या कल्पना घेऊन त्यांनी 2004 साली वाउवाउसाठी ‘पॅरॅनॉया एजंट’ केली, 13 भागांची. सोनेरी रोलर स्केट्स घातलेला, वाकडी बॅट घेतलेला मुलगा लोकांवर हल्ले करतो, ही वरवरची गोष्ट. पण मला जास्त भीती वाटते मारोमीची. मारोमी हा गुलाबी कुत्रा, एका डिझायनर मुलीने काढलेलं लोकप्रिय पात्र. त्याची बाहुली सगळ्यांना सांगत असते, आराम कर, तुझी काही चूक नाही. शहर घाबरत जातं तसतसं मारोमीचं वेड वाढत जातं. दहाव्या भागात तर मारोमीवरच ॲनिमे करणारा स्टुडिओ आहे. कोणाचं काम काय ते आपल्याला समजावून सांगितलं जातं, आणि तीच माणसं एकेक करून मरत जातात. विकाऊ गोड बाहुली हाच रोग आहे असं म्हणणारी मालिका. खेळणीवाल्याच्या पैशावर ही निघाली असती असं मला वाटत नाही. सशुल्क वाहिनीच्या बाजूने यापेक्षा मोठा पुरावा माझ्याकडे नाही.

पण मोकळीक मिळाली की तिचं काय होतं, तेही बघायला हवं. एटी-एक्सची ख्याती कशासाठी आहे? इतर वाहिन्यांवर स्नानाच्या दृश्यात जिथे वाफ आणि पांढरा प्रकाश येतो, तिथे एटी-एक्सवर तो नसतो. महिन्याला जवळपास 2,000 येन भरले की वाफ निघून जाते! (हशा) ‘एल्फेन लीड’ 2004 साली याच वाहिनीवर आली. क्लिम्टच्या चित्रांवर बेतलेली तिची नांदी फार सुंदर आहे. पुढे रक्त आणि नग्नता इतकी येते की तिसऱ्या-चौथ्या भागापर्यंत डोळा सरावतो. तिथे मोकळीक विषयात नाही, फक्त कातरी न लावण्यात आहे. कोन मोकळीक घेऊन प्रेक्षकालाच आरोपी करतात, आणि इथे प्रेक्षकाला हवं ते जास्तीचं वाढलं जातं. शेवटी पैसे तो देतोय. प्रायोजक गेला असं आपण म्हणतो खरं, पण त्याच्या खुर्चीत चाहता येऊन बसला, आणि तोही कमी हट्टी नसतो.

‘गुंडाम’चं पुढे काय झालं? ती बंद पडल्यावर पुनःप्रक्षेपणात मुलांनी पाहिली, कित्येकांनी तर केवळ त्या वेळी टीव्ही चालू होता म्हणून. प्लास्टिकची मॉडेलं खपू लागली, 1981 मध्ये चित्रपट आला, आणि आज तिचा पसारा आपण बघतोच आहोत. ‘बीबॉप’ला अमेरिकेत मोठा प्रेक्षक मिळाला तोही 2001 साली कार्टून नेटवर्कच्या रात्रीच्या पट्ट्यात. वेगळं वर्गणी-कार्ड न घेता, चॅनल बदलता बदलता माणूस तिथे थबकला. असा चुकून आलेला माणूस, आपल्या ‘जंगल बुक’च्या शेजाऱ्यासारखा, सशुल्क वाहिनीला मिळत नाही. तिथे येणारा आधीच ठरवून आलेला असतो.

याच तोमिनोंनी 1998 साली वाउवाउसाठी ‘ब्रेन पॉवर्ड’ केली. 26 भाग, मध्येच कुणी दिवा मालवला नाही. मी दोनदा पाहिलीय. माणसं एकमेकांशी अखंड बोलत असतात आणि कुणाला कुणाचं ऐकायचं नसतं. काही प्रसंग विलक्षण आहेत, पण नवख्या माणसाला आत घेण्याची गरजच तिला वाटत नाही. ‘गुंडाम’मध्ये दर आठवड्याला नवीन मुलाला धरून ठेवायची धडपड होती, ती इथे दिसत नाही. ‘गुंडाम’वर बोलणारे मला रोज भेटतात. ‘ब्रेन पॉवर्ड’वर बोलायला आजवर दोघे भेटले, आणि दोघांनीही ती माझ्याकडूनच नेली होती.

वेळ झालीय, आता प्रश्न घेऊ.