ट्युटोरियल पूर्ण झालं, पण डबा समजला का?

विज्ञान शाखेतून संशोधनाला आलात तरी कॅड कधी ना कधी शिकावं लागतं. नमुना धरायचा होल्डर, लेन्सचा स्टँड, सेन्सरचं खोकं, काहीही बनवायचं असलं की वर्कशॉपवाले आधी ड्रॉइंग मागतात. तळेगाव (श्यामजी पंत)सारख्या गावात राहून क्लाससाठी रोज नागपूर किंवा अमरावती गाठणं सगळ्यांना जमत नाही. अशा वेळी सॉफ्टवेअरच्या आतच मिळणारी ट्युटोरियल मोठा आधार वाटतात. आधार ती आहेतच. पण ती नेमकं काय शिकवतात, हे एकदा तपासून पाहू.

सॉलिडवर्क्सचा पहिला धडा घ्या. त्यात एक ठोकळा काढायचा, कडा गोल करायच्या (फिलेट) आणि मग तो आतून पोकळ करायचा (शेल). पायऱ्या स्पष्ट, मापं तयार. सांगितलं तसं करत गेलात की डबा तयार होतो आणि आपल्याला कॅड आलं असं वाटायला लागतं.

आता एक प्रश्न. आधी फिलेट आणि नंतर शेल, हाच क्रम का?

समजा, उभ्या कडेला 10 मिमी त्रिज्येचं फिलेट आहे आणि भिंत 2 मिमी जाडीची आहे. आधी फिलेट केलं तर शेल करताना आतला कोपराही गोल होतो, 8 मिमी त्रिज्येचा. भिंत सगळीकडे सारखी राहते. आता क्रम उलटा करा. आधी शेल केल्यामुळे आतला कोपरा काटकोनातच राहतो. फिलेटच्या केंद्रापासून तो 8 गुणिले √2, म्हणजे साधारण 11.3 मिमी लांब असतो. फिलेटची त्रिज्या तर 10 मिमीच. म्हणजे तो कोपरा फिलेटच्या बाहेर पडतो आणि भिंत तिथे फुटते. 2 मिमी भिंतीला या क्रमाने जेमतेम 6.8 मिमीपर्यंतचं फिलेट चालतं. एवढं गणित अकरावीचा विद्यार्थीही करेल. पण धडा नुसता पाळणाऱ्याला ते करायची वेळच येत नाही. माझी मुख्य तक्रार हीच आहे: या धड्यांमध्ये काही बिघडतच नाही.

ही तक्रार नवी नाही. 1980 च्या दशकात आयबीएममध्ये जॉन कॅरोल आणि सहकाऱ्यांनी शब्दप्रक्रिया शिकणाऱ्यांचा अभ्यास केला. लोक पुस्तिका क्रमाने वाचत नाहीत, थेट काम करायला जातात आणि अडकतात, असं त्यांना दिसलं. मग त्यांनी अगदी छोटी पुस्तिका केली. त्यात स्वतः करून बघायला जागा ठेवली आणि चूक ओळखून तिच्यातून बाहेर कसं यायचं हेही सांगितलं. शिकणारे त्यावर जास्त लवकर शिकले. 2012 मध्ये ऑटोडेस्कच्या संशोधकांनी ऑटोकॅडसाठी 'गॅमीकॅड' नावाचं खेळासारखं ट्युटोरियल करून पाहिलं. नवख्यांना ते अधिक रमवणारं वाटलं आणि चाचणीतली कामंही त्यांनी जास्त वेगाने केली. ही जमेची बाजू मान्य. तरी वेगाने काम करणं वेगळं आणि क्रमामागचं कारण कळणं वेगळं.

आपल्याकडचं उदाहरण म्हणजे आयआयटी मुंबईचं स्पोकन ट्युटोरियल. साधारण दहा मिनिटांचे व्हिडिओ, त्यातले बरेच मराठी आवाजातही. एका बाजूला व्हिडिओ, दुसऱ्या बाजूला सॉफ्टवेअर, आणि शेवटी स्वतः करायचा स्वाध्याय. तो स्वाध्याय गाळून पुढचा व्हिडिओ लावू नका. खरं शिकणं तिथेच सुरू होतं.

मग काय करायचं? धडा जरूर पूर्ण करा, पण फाइल बंद करण्याआधी तीन गोष्टी करा. एक माप दुप्पट करा. दोन फीचर्सचा क्रम बदला. आणि मॉडेल मोडलं तर ते का मोडलं, हे दोन ओळींत वहीत लिहा. प्रयोगशाळेत प्रोटोकॉल हातात आल्यावर हीच सवय कामाला येते. पायऱ्या कुणीही पाळेल. गाईड विचारतात ते 'हीच पायरी का?'